मागच्या रांगेतला प्रश्न

अर्विन कुबेनाला सगळ्यात स्वच्छ ऐकू यायचं ते बंदुका उडत असताना. हे कुणाला थापेबाजी वाटेल, पण त्यात थाप काही नाही. नेमबाजीच्या रेंजवर उभं राहायचं तर कानांवर मफ चढवावे लागतात, आणि अर्विनचे मफ बॅटरीवर चालणारे होते. गोळीचा धमाका ते गिळून टाकायचे आणि माणसाचा बारीक आवाज मोठा करून कानात सोडायचे. बटण शेवटपर्यंत फिरवलं की रांगेच्या टोकाला कुणी नाक ओढलं तरी कळायचं. शिवाय तिथे सगळेच मफ घालून उभे. त्यात बहिरा कोण आणि धडधाकट कोण, हे ओळखायला देवच खाली उतरायला हवा.

मफ उतरवले की मात्र माणसं नुसती ओठ हलवायला लागायची.

तीस-बत्तीस वर्षं त्यानं काउंटीचे कच्चे रस्ते सपाट करणारं यंत्र चालवलं होतं. त्या यंत्रानं रस्ते सरळ केले आणि जाता जाता अर्विनचे कान खाल्ले. पण हे लिपोव्हा गावात कुणाला कळलं नाही, कारण घरात लिली होती. चर्चच्या पायऱ्यांवर कुणी अर्विनशी बोललं की लिली आपली स्वतःशीच पुटपुटल्यासारखी, पण ठसठशीत आवाजात म्हणायची, "अगं बाई, म्हणजे मारेकच्या गाईनं या वेळी जुळं दिलं म्हणायचं." मग अर्विन जुळ्याबद्दल दोन शब्द बोलायचा. फोन आला तर लिली घ्यायची आणि मग, "जॅनेल म्हणते गाडीचं काम निघालंय," असं त्याच्याकडे तोंड करून सांगायची. इतकी वर्षं हे चाललं, आणि दोघांनी त्याबद्दल एकदाही चकार शब्द काढला नाही.

तीन वर्षांपूर्वी लिली गेली. अर्विनची बायको गेली असं गाव म्हणालं. त्याचे कानही त्याच पेटीत घालून पुरले, हे त्याचं त्यालाच ठाऊक.

कानात घालायचं यंत्र घ्यावं, हा साधा उपाय. पण त्याच्या बापाच्या खिशात तसल्या यंत्राची डबी असायची आणि डॉमिनोच्या टेबलावरचे लोक त्याला "ओ, रेडिओवाले" म्हणून हाक मारायचे. अर्विननं लहानपणी ते ऐकलं होतं, तेव्हा त्याला ऐकू यायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, ती त्यानं झाकूनच ठेवली आणि एक शब्द जवळ केला. तो शब्द म्हणजे हो. जगातल्या निम्म्या प्रश्नांना हो हे उत्तर चालतं. उरलेल्यांना हसून "छान, छान" म्हटलं की समोरचा आपल्या वाटेनं जातो. हा बाप्या तीन वर्षं नंदीबैलासारखी मान डोलावत गावातून फिरला आणि आपलं कसं बेमालूम जमलंय म्हणून स्वतःवर खूश होता.

जमलं मुळीच नव्हतं. गुरुवारी संध्याकाळी अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये बेचाळीसचा डाव बसतो. डॉमिनोच्या सोंगट्यांचा हा खेळ, चौघांचा, समोरासमोरचे दोघे भिडू, आणि बोली तोंडानं लावायची. अल्फॉन्स मारेक त्याचा बावीस वर्षांचा भिडू. चर्चच्या जत्रेतल्या शेवटच्या डावात विरुद्ध जोडीतल्या एकानं एकतीस म्हटलं, अर्विनला तीस ऐकू आलं, आणि जिंकलेला डाव पाण्यात गेला. अल्फॉन्सनं त्याच्या बेचाळीस पिढ्यांचा उद्धार केला असता तर बरं झालं असतं. तो काहीच बोलला नाही. पुढच्या गुरुवारी अर्विन हॉलवर गेला तेव्हा त्याच्या खुर्चीवर दुसराच कुणी बसला होता, आणि सगळे सोंगट्यांत डोकं घालून होते. अर्विननं यंत्रातून कॉफी घेतली, उभ्यानंच प्यायली आणि घरी आला.

जॅनेलचंही तेच. ही त्याची एकुलती एक मुलगी, सॅन अँटोनियोला ट्रे नावाच्या नवऱ्याबरोबर राहायची. लिली गेल्यावर दर रविवारी तिचा फोन यायचा. मग दीडेक वर्षापूर्वी फोन बंद झाले आणि वाढदिवसाला, ईस्टरला दोन ओळींचे मेसेज यायला लागले. नाताळला ती आली नाही. आई होती तोवर माहेर, असं म्हणून अर्विननं ते गिळलं. गिळलं म्हणजे पचलं नव्हे. स्वयंपाकघरातल्या टेबलावर एकटं बसून सॉसेज आणि ब्रेड खाताना कधी कधी त्याचा घास तोंडात फिरत राही.

तर असा हा माणूस पिस्तूल बाळगायच्या परवान्याचे वर्ग घेणारा शिक्षक व्हायला निघाला होता, आणि त्याचं कारण एवढंच की त्याला माणसं हवी होती. गावातला जुना शिक्षक मुलाकडे ओक्लाहोमाला गेला होता. पशुखाद्याच्या दुकानाचा मालक अर्विनच्या अगदी तोंडासमोर येऊन म्हणाला होता, "अरे, आता कायद्यानं परवाना नसला तरी कमरेला बंदूक लावता येते. तुझ्या वर्गाला येणार कोण? कुत्रं?"

"दुसऱ्या राज्यात जाणारे येतील, तिकडे परवाना लागतो," अर्विन म्हणाला होता. "म्हाताऱ्या बाया येतील. येतील तेवढे येतील."

जे येतील ते दिवसभर समोर बसतील. त्याच्याकडे बघून बोलतील. आणि दुपारी रेंजवर मफ घालून उभे राहतील, तेव्हा तो त्यांचा शब्द न शब्द ऐकेल. ह्या विचारावर तो कित्येक रात्री सुखानं झोपला होता.

प्रशिक्षण ऑस्टिनच्या उत्तरेला, माळरानावरच्या एका केंद्रात होतं. शिकवायला होत्या मार्ता ट्रेविन्यो. हायवे पोलिसातून निवृत्त झालेल्या बाई, आवाज मऊ, नजर मऊ अजिबात नाही. वर्गात त्यांची एक खोड होती. बोलता बोलता त्या फळ्याकडे वळायच्या आणि पुढचं वाक्य फळ्याला सांगायच्या. अर्विन पहिल्या रांगेत बसून ओठ वाचायचा. ओठ फळ्याकडे गेले की हा पठ्ठ्या शेजारणीच्या कागदात डोकवायचा.

शेजारीण होती ओझेला गिलरी. बोमाँटकडची, शाळेची बस चालवून निवृत्त झालेली, अंगानं ऐसपैस आणि तोंडानं त्याहून. पहिल्याच दिवशी तिनं भात भरलेलं सॉसेज फॉइलमधून काढून त्याच्यापुढे धरलं.

"मिस्टर अर्विन, तिखट चालतं ना?"

"हो."

"की पोट बिघडतं?"

"हो, हो."

ओझेलानं त्याच्याकडे जरा तिरकं बघितलं. "घरी बायको आहे की पळाली?"

"हो," म्हणून अर्विन छान हसला.

त्यानंतर ती आपला कागद मुद्दाम डावीकडे, त्याला दिसेल असा ठेवायला लागली आणि अक्षरही मोठं काढायला लागली. अर्विनला वाटलं, बाईचं अक्षरच मोठं आहे.

रेंजवर मात्र तो राजा होता. त्याची नेमबाजी चांगली होतीच, पण त्याहून चांगली होती रांग सांभाळायची पद्धत. शिक्षकाला नेम येऊन भागत नाही, उभ्या असलेल्या रांगेची नजर, हात आणि आवाज सांभाळावा लागतो. अर्विनची पाळी आली तेव्हा तो रांगेमागे उभा राहिला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "रांग तयार? उजवीकडे तयार? डावीकडे तयार?" डावीकडून एका पोरगेल्या उमेदवारानं नुसतं "अं" केलं. एवढासा तो "अं" अर्विनच्या मफमधून थेट मेंदूत गेला.

"डावीकडे तयार नाही," तो म्हणाला. "सगळे थांबा. शेवटून दुसरा, काय अडलं?"

"मॅगझिन अडकलंय, सर."

"अडकलं तर अडकू दे. नळी समोर ठेव. मी येतो."

ट्रेविन्योबाई मागून म्हणाल्या, "चांगले कान आहेत."

हे वाक्य अर्विननं स्पष्ट ऐकलं. असं कुणी आपल्याला म्हणेल हे त्याच्या स्वप्नातही नव्हतं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यानं ते संरक्षक चष्म्याच्या आतून बोट घालून पुसलं.

पण मफ आवाज निवडत नाहीत. गोड तेवढं आत घ्यावं, कडू बाहेर ठेवावं, अशी त्यात सोय नाही. पाळी संपवून तो बाकावर बसला होता, मफ काढायला मन होत नव्हतं, तेव्हा पाण्याच्या पिंपाजवळ उभे असलेले दोघे लबक शहराकडचे गडी आपापसात कुजबुजत होते.

"म्हातारा तयारीचा आहे."

"असेल. पण शिष्ट किती. सकाळी मी तीनदा गुड मॉर्निंग म्हटलं, ढिम्म नाही. काल सांगत होतो माझा भाऊ वारला म्हणून, तर म्हणतो छान, छान."

"खरं सांगतोस?"

"आईशप्पथ. वर हसला."

"असतात असे. स्वतःचंच ऐकणारे."

अर्विन तसाच बसून राहिला. समोर भोकं पडलेले कागदी पुतळे वाऱ्यानं फडफडत होते. उठावं, त्या माणसापाशी जावं आणि म्हणावं, बाबा रे, मला ऐकूच आलं नाही, तुझ्या भावाचं वाईट झालं. एवढंच करायचं होतं. दहा शब्दांचं काम. पण ते दहा शब्द म्हणजे बापाच्या खिशातली डबी. सुंभ जळतो, पीळ राहतो. शिष्ट तर शिष्ट, असं मनाशी म्हणून तो उठला आणि दुसऱ्या बाजूनं वळसा घालून वर्गात गेला. त्या संध्याकाळी मोटेलच्या खोलीत टीव्हीचा आवाज बंदच ठेवून तो बराच वेळ चित्रं बघत बसला.

शेवटच्या दिवशी प्रत्येकानं एक विषय शिकवून दाखवायचा होता. बाकीचे वर्गात विद्यार्थी म्हणून बसणार, वाटेल ते विचारणार, आणि त्यावर प्रमाणपत्र मिळायचं की नाही ते ठरणार. चिठ्ठी उचलायची होती. अर्विनला निघालं: भांडण हिंसेवाचून मिटवणे.

त्यानं रात्री मोटेलच्या आरशासमोर सराव केला होता आणि सुरुवात खरोखर झकास झाली. बंदूक कमरेला आली की माणसाची जीभ आखूड झाली पाहिजे, असं तो म्हणाला. रस्त्यावर कुणी हॉर्न मारला तर मारू द्या, पार्किंगची जागा घेतली तर घेऊ द्या, हॉर्नपायी आजवर कुणी मेलेलं नाही. वर्ग हसत होता. अर्विन वर्गाच्या हसण्याकडे उन्हात बसल्यासारखा बघत होता. हेच, हेच त्याला हवं होतं.

लबककडच्या एका गड्यानं हात वर केला. "सर, माझा शेजारी रोज ढोसून माझ्या दारात येतो आणि आईबहिणीवरून बोलतो. काय करू?"

अर्विनच्या कानात त्यातलं "जारी" आलं, "दारात" आलं. बाकी त्यानं ओठांवरून जुळवलं आणि जुळलं ते "आजारी".

"आधी त्याला पाणी दे," तो म्हणाला. "सावलीत बसव. त्याच्या घरच्यांना फोन कर, न्यायला कुणीतरी येईल. जमलं तर गरम सूप पाज. आणि बंदूक घरात ठेवून मग बाहेर ये."

वर्ग खो खो हसला. दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या. दारुड्या शेजाऱ्याला सूप! काय पण डोकं चालवलं म्हाताऱ्यानं! तो गडीसुद्धा मान हलवून हसत होता. बाण भलतीकडे मारला आणि लागला बरोबर मधल्या काळ्यात. काय विनोद झाला ते अर्विनला कळलं नाही, पण हसणाऱ्यांबरोबर तोही हसला.

मग मागच्या रांगेतून ट्रेविन्योबाईंनी हात वर केला. त्यांच्या पाठीमागे मोठी खिडकी होती आणि तिच्यातून येणाऱ्या उन्हामुळे त्यांचा चेहरा नुसता काळा दिसत होता. ओठ नाहीत, डोळे नाहीत. त्या विद्यार्थिनीच्या थाटात काहीतरी बोलल्या. लांबलचक बोलल्या. शेवटी आवाज वर गेला, म्हणजे तो प्रश्न होता.

"पुन्हा विचारा" हे दोन शब्द अर्विनच्या जिभेवर आले होते. तो पुढे कितीतरी दिवस स्वतःला सांगायचा की आले होते. पण नुकत्याच टाळ्या पडल्या होत्या, वर्ग हसऱ्या तोंडानं त्याच्याकडे बघत होता, आणि बाईंचा सूर गोड होता.

"हो," अर्विन म्हणाला. आणि नुसतं हो कोरडं वाटेल म्हणून त्यानं जोडलं, "अगदी बिनधास्त."

वर्ग गप्प झाला. अर्विनला वाटलं, मुद्दा लोकांच्या मनाला भिडला. त्या शांततेला त्यानं थोडा वेळ दिला, हसून सगळ्यांवरून नजर फिरवली आणि म्हणाला, "आणखी कुणाला शंका?"

कुणालाच नव्हती. ओझेला टेबलाकडे बघत होती.

मधल्या सुटीत ट्रेविन्योबाईंनी त्याला बाहेर व्हरांड्यात बोलावलं आणि त्याच्या समोर, अगदी जवळ उभ्या राहिल्या.

"मिस्टर कुबेना, मी काय विचारलं होतं?"

"शेजाऱ्याचं, मॅडम." एवढं त्याला नंतर वर्गातल्यांच्या ओठांवरून समजलं होतं.

"शेजाऱ्याचं काय?"

अर्विन त्यांच्या बुटांकडे बघत राहिला.

"मी विचारलं," बाई एकेक शब्द तोडून म्हणाल्या, "तो शिव्या देत देत माझ्या अंगणातल्या गवतावर आला. हातात काही नाही. त्याला मी गोळी घालू शकते ना? तुम्ही म्हणालात, हो, अगदी बिनधास्त."

अर्विनला खुर्ची हवी होती, पण व्हरांड्यात खुर्ची नव्हती.

"तुमच्या वर्गातली एखादी बाई हे ऐकून घरी गेली असती," ट्रेविन्योबाई म्हणाल्या. मग त्यांचा आवाज खाली आला, आणि तो खाली आला म्हणून त्यांनी मुद्दाम तोंड वर करून त्याला ओठ दाखवले. "आता मी विचारते त्याचं नीट उत्तर द्या. तुम्ही घाबरून काहीतरी बोलून गेलात, की तुम्हाला ऐकू आलं नाही? घाबरून हो म्हणणारा शिक्षक मी पास करणार नाही. ऐकू आलं नाही, तर गोष्ट वेगळी. त्याला इलाज असतो. वर्ग आज संपला तरी उद्या सकाळी तुम्हाला मी पुन्हा उभं करते."

दार सताड उघडं होतं. आत फक्त पाऊल टाकायचं होतं. बाईंना सगळं कळलेलं होतं, हे अर्विनलाही कळलं. व्हरांड्याच्या टोकाला लबककडचे दोघे सिगारेट ओढत इकडेच बघत होते.

"घाबरलो होतो, मॅडम," अर्विन म्हणाला.

"नक्की?"

"हो."

"ठीक आहे," त्या म्हणाल्या, आणि आत गेल्या.

मोटेलच्या आवारात ऊन उतरायला लागलं होतं. अर्विननं बॅग पिकअपमध्ये टाकली, किल्ली लावली आणि गाडी सुरू न करता बसून राहिला. खिडकीवर टकटक झाली असावी, पण त्याला कळली ती काचेवर ओझेलाचा तळहात दिसला तेव्हा. त्यानं काच खाली केली. ओझेला दोन्ही कोपर खिडकीत टेकवून त्याच्या कानाशी वाकली आणि मोठ्यानं म्हणाली, "मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

"काय?"

"काय काय? तुमची बायको पळाली का विचारलं तर हो म्हणून हसलात, ते."

अर्विन कसनुसा झाला. "ती वारली."

"मला वाटलंच." ओझेलानं उसासा सोडला. "मिस्टर अर्विन, मी सव्वीस वर्षं बस चालवली. मागच्या सीटवरून पोरं काय ओरडायची ते इंजिनात ऐकू यायचं नाही, मीही हो हो करून मोकळी व्हायची. एक दिवस एक पोरगी रडत उतरली. ती विचारत होती, मॅडम, माझा स्टॉप गेला का? आणि मी आपली हो, हो." ती सरळ झाली आणि पुन्हा वाकली. "इथं हो म्हणालात ते धकून गेलं, कुणी मेलं नाही. पण अजून कुणाकुणाला असं हो म्हणून ठेवलंय, ते बघा जरा."

ती आपल्या गाडीकडे गेली. अर्विननं काच वर केली.

कुणाकुणाला. त्याच्या मनात अल्फॉन्स आला, लबककडचा भाऊ वारलेला गडी आला, चर्चमधले फादर आले, आणि मग ह्या सगळ्यांना बाजूला सारून रविवार आले. दर रविवारी वाजणारा फोन. पलीकडे जॅनेलचा आवाज, पाण्याखालून आल्यासारखा, आणि अलीकडे हा. हो. छान, छान. इकडे पाऊस बरा झाला. आपण तिला कशाकशाला हो म्हणालो असू, ह्याची त्याला तीन वर्षांत पहिल्यांदा भीती वाटली.

शेजारच्या सीटवर मफ पडले होते. ते रेंजबाहेर घालावेत हे त्याला कधी सुचलंच नव्हतं. जेवताना कुणी हेल्मेट घालतं का? त्यानं ते चढवले, बटण शेवटपर्यंत फिरवलं, फोन स्पीकरवर टाकून मांडीवर ठेवला आणि जॅनेलचा नंबर लावला.

"डॅडी? काय झालं? पडलात का कुठे?"

तिचा आवाज. खरखर नाही, पाणी नाही. घोगरा झाला होता थोडा, लिलीच्या आवाजासारखा.

"नाही, नाही. पडलो नाही. उगाच केला."

"तुम्ही उगाच फोन करत नाही."

"जॅनेल, एक विचारतो. फोनवर मी तुला कधी काही वेडंवाकडं बोललो का?"

पलीकडे मागं फ्रिज घरघरताना त्याला ऐकू येत होता.

"आज विचारताय?" ती म्हणाली. "दीड वर्षानं?"

"सांग."

"वेडंवाकडं कुठे, छान म्हणालात तुम्ही. दोनदा म्हणालात."

"कशाला छान म्हणालो?"

"डॅडी, पुरे. मला पोळी भाजायची आहे, ट्रे कामावरून येईल आता."

"मला खरंच माहीत नाही, जॅनेल. कशाला म्हणालो?"

तिचा श्वास ऐकू आला. "मी दवाखान्यातून फोन केला होता. बाळ गेलं म्हणून सांगितलं तुम्हाला. तुम्ही म्हणालात, छान, छान. वर म्हणालात, इकडे पाऊस बरा झाला."

बाळ होणार होतं हेसुद्धा अर्विनला ठाऊक नव्हतं. तेही तिनं कुठल्यातरी रविवारी सांगितलं असणार, आणि त्यालाही हा छानच म्हणाला असणार. त्यानं स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरलं.

"मला ऐकू येत नाही, पोरी," तो म्हणाला. बोलताना आवाज इतका मोठा निघाला की त्याच्याच मफनं तो दाबून टाकला. मग तो हळू बोलला. "कित्येक वर्षं झाली. तुझी आई ऐकायची आणि मला सांगायची. ती गेल्यापासून मी नुसतं हो म्हणतोय. सगळ्यांना."

"मग आता कसं ऐकू येतंय?"

"बंदुकीचे मफ घालून बसलोय. गाडीत."

ती हसेल असं त्याला वाटलं. ती हसली नाही.

"म्हणजे त्या दिवशीचं तुम्हाला काहीच माहीत नाही?"

"नाही. पहिल्यापासून सांग."

मग गॅसचं बटण बंद केल्याचा खट्ट आवाज आला, खुर्ची ओढल्याचा आला, आणि जॅनेलनं सांगायला सुरुवात केली. आधी ती भरभर सांगत होती, राग असल्यासारखी. मग सावकाश. मध्येच थांबायची आणि विचारायची, "डॅडी, ऐकताय ना?" आणि अर्विनला आता हो म्हणायची छाती होत नव्हती. ती शेवटचं जे बोलली असेल तेच तो तिला पुन्हा म्हणून दाखवायचा, म्हणजे मग ती पुढे जायची. डॉक्टरनं सांगितलं तेव्हा ट्रे कामावर होता, असं तो म्हणाला. नर्सनं तुझा हात धरला, असं म्हणाला. मोटेलच्या आवारातून एकेक गाडी निघून गेली.

"मग मी तुम्हाला विचारलं, डॅडी, येता का," जॅनेल म्हणाली. "तुम्ही हो म्हणालात. ट्रेला मी सांगितलं, डॅडी येतायत, निघाले असतील. दोन दिवस मी दाराकडे बघत होते." तिचा आवाज तुटला. "ऐकताय ना?"

"दोन दिवस तू दाराकडे बघत होतीस," अर्विन म्हणाला.